संपाताचा वेग

ऋतू बदलला हे आपल्याला बहुतेक वेळा त्वचेने कळते, नाकाने कळते आणि कधी कानांनीही कळते. पाऊस वाजत येतो, उन्हाळा भाजत येतो, थंडी पहाटे पायांशी येऊन बिलगते. शरद ऋतू येतो तेव्हा मात्र कोणतेही इंद्रिय दचकत नाही. वर्षातल्या एका क्षणी सूर्याचा मध्यबिंदू आकाशातल्या विषुववृत्ताची काल्पनिक रेषा उत्तरेकडून दक्षिणेकडे ओलांडतो आणि उत्तर गोलार्धापुरता शरद संपात घडून जातो. २०२५ साली हा क्षण भारतीय प्रमाणवेळेनुसार २२ सप्टेंबरच्या रात्री ११ वाजून ४९ मिनिटांचा होता. २०२६ साली तो २३ सप्टेंबरच्या पहाटे ५ वाजून ३५ मिनिटांचा आहे. दरवर्षी तो जवळपास पावणेसहा तासांनी पुढे सरकतो आणि लीप वर्षाचा जादा दिवस त्याला पुन्हा मागे ओढून आणतो. आपण बहुधा झोपेत असतो किंवा कामात असतो. सूर्याला पृथ्वीच्या मध्यरेषेवर आलो याचे काही वाटत नाही आणि पृथ्वीलाही नाही.

तरीही या दिवसाचे कौतुक पुष्कळ होते, आणि ते बहुतेक एकाच सुरात होते. दिवस आणि रात्र समान झाली, निसर्ग समतोल साधून क्षणभर विसावला, आपणही विसावावे, असा तो सूर असतो. त्याच भरात कोणीतरी अंडे टोकावर उभे करून दाखवते आणि ते आजच्याच दिवशी उभे राहते असे सांगते. धीर असेल तर अंडे वर्षभरात कधीही उभे राहते, तेव्हा त्याची गोष्ट इथेच सोडून देऊ. समतोलाची गोष्ट मात्र इतक्या सहजासहजी सोडवत नाही, कारण ती ऐकायला सुंदर आहे आणि जवळजवळ खरी आहे. मला शरदाचे स्वागत करायचे असते ते नेमक्या उलट कारणासाठी. या दिवशी काहीही विसावत नाही. वर्षातला सगळ्यांत धावता काळ हाच असतो.

हे डोळ्यांनी पाहायचे तर एक काठी पुरते. सपाट जागेवर काठी सरळ उभी करायची आणि सकाळपासून अर्ध्या-अर्ध्या तासाने तिच्या सावलीच्या टोकाशी खडूने खूण करत जायचे. पहिली अडचण येते ती टोकाचीच. सूर्य हा बिंदू नसून तबकडी असल्यामुळे सावलीची कड धूसर होते आणि सकाळच्या लांब सावलीत टोक नेमके कुठे संपले यावर स्वतःशीच वाद घालावा लागतो. काठीच्या माथ्यावर बारीक भोक पाडलेला पुठ्ठा आडवा बसवला की हा वाद मिटतो, कारण पुठ्ठ्याच्या सावलीत एक लहानसा उजळ ठिपका पडतो आणि खूण त्याच्या मध्यावर करता येते. हा ठिपका म्हणजे सूर्याची प्रतिमाच असते. सूर्यावर एखादा मोठा डाग असेल आणि भोक पुरेसे लहान असेल, तर तोही त्यात दिसण्याची शक्यता असते. मग दिवसभर तो ठिपका पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकताना पाहायचा. सरकताना तो दिसत नाही, पण एका खुणेवरून उठून पाणी पिऊन यावे तेवढ्यात तो तिथून निघून गेलेला असतो.

संध्याकाळी सगळ्या खुणा जोडल्या की जे दिसते ते मार्च आणि सप्टेंबरच्या संपातांखेरीज वर्षातल्या इतर दिवशी दिसत नाही: एक सरळ रेषा. उत्तर गोलार्धात उन्हाळ्यातल्या दिवशी हीच खटपट केली तर खुणांचा वक्र तयार होतो आणि त्याची दोन्ही टोके दक्षिणेकडे वळलेली असतात. हिवाळ्यात ती उत्तरेकडे वळतात. एका वाकणाकडून दुसऱ्या वाकणाकडे जाताना रेषेला कुठेतरी सरळ व्हावेच लागते आणि ती जागा म्हणजे संपात. आठ-दहा दिवसांनी पुन्हा त्याच काठीपाशी बसले तर टोके उत्तरेकडे झुकू लागलेली कळतात. मला ही सरळ रेषा फार आवडते, पण समतोलाची खूण म्हणून नव्हे. वळणावरच्या गाडीचे चाक डावीकडून उजवीकडे फिरवताना जसे क्षणभर सरळ होते, तसेच हे सरळपण आहे.

या दिवशीच्या मध्यान्हसावलीला जुन्या भारतीय ज्योतिषगणितात मोठा मान होता. बारा अंगुळे उंचीचा शंकू, म्हणजे सरळ काठी, उभा करायचा आणि संपाताच्या दिवशी ऐन मध्यान्ही त्याची सावली किती अंगुळे पडते ते मोजायचे. त्या मापाला पलभा म्हणत. काठी बारा अंगुळे असो वा बारा वीत, प्रमाण तेच राहते. सावली चार भाग पडली तर आपण सुमारे साडेअठरा अंश अक्षांशावर आहोत, पाच पडली तर साडेबावीसच्या आसपास, आणि सावली काठीएवढीच, म्हणजे बारा भाग पडली तर बरोबर पंचेचाळीस अंशांवर. विषुववृत्तावर उभ्या असलेल्या माणसाची सावली त्या दुपारी त्याच्या पायांखालीच असते. पृथ्वीवर आपण कुठे उभे आहोत हे एका काठीने आणि एका दुपारीत कळावे, त्यासाठी कोणाला काही विचारावे लागू नये, ही सोय आपण आता वापरत नाही. ती नाहीशी झालेली नाही एवढे मात्र दरवर्षी पडताळून पाहायला हरकत नाही.

अलेक्झांड्रियाच्या खगोलनिरीक्षकांनी काठीऐवजी काशाचे मोठे कडे वापरले. ते विषुववृत्ताच्या पातळीत तिरपे बसवलेले असे. एरवी सूर्य त्या पातळीच्या वर किंवा खाली असल्याने कड्याच्या आतल्या बाजूला कुठूनतरी ऊन लागे. संपाताच्या वेळी मात्र कड्याच्या वरच्या अर्ध्याची सावली नेमकी खालच्या अर्ध्यावर पडे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात टॉलेमीने अशा एका कड्याची गंमत नोंदवून ठेवली आहे: एकाच संपाताला त्यावरचा उजेड दोनदा बदलताना दिसे. कडे आपल्या जागेवरून किंचित हलले आहे, असे त्याने त्याचे कारण दिले. क्षितिजाजवळ हवेमुळे प्रकाश वाकतो, हेही एक कारण असू शकते असे आता मानले जाते. मोजणारा कितीही सावध असला तरी मधल्या हवेचे काय करायचे, हा प्रश्न तेव्हाही होता.

समान दिवसरात्रीचे गणित बिघडवते तेही हीच हवा. क्षितिजावरचा सूर्य हवेतल्या वक्रीभवनामुळे सुमारे ३४ कलांनी उचललेला दिसतो. अंशाचा साठावा भाग म्हणजे एक कला. सूर्याच्या तबकडीची रुंदी सुमारे ३२ कला असते, म्हणजे खालची कड क्षितिजाला टेकलेली दिसते तेव्हा खरा सूर्य संपूर्ण खाली गेलेला असतो. त्यात आपण सूर्योदय मोजतो तो वरची कड दिसल्यापासून आणि सूर्यास्त मोजतो तो वरची कड दिसेनाशी झाल्यावर. या दोन्हींची बेरीज होऊन संपाताच्या दिवशी दिवस रात्रीपेक्षा लांबच राहतो. विषुववृत्तावर तो बारा तासांहून सहा-सात मिनिटांनी मोठा असतो आणि उत्तरेकडे जावे तशी ही वाढ थोडी अधिक होते. खरोखरची बरोबरी उत्तर गोलार्धात संपातानंतर काही दिवसांनी येते: वीस अंश अक्षांशाच्या आसपास आठवडाभराने, पन्नास अंशांवर तीन दिवसांत. विषुववृत्तावर ती कधीच येत नाही. तिथे वर्षभर दिवस रात्रीहून काही मिनिटांनी मोठाच असतो. ज्या वर्तुळावरून या दिवसाला ओळख मिळाली, त्याच वर्तुळावर समान दिवसरात्र अनुभवायची सोय नाही, हे मला निसर्गाच्या विनोदबुद्धीचे चांगले उदाहरण वाटते.

आता वेगाकडे येतो. सूर्य वर्षभरात विषुववृत्ताच्या उत्तरेला २३.४ अंश आणि दक्षिणेला तितकाच असा हेलकावा घेतो. हेलकाव्याची रीत झोपाळ्यावर बसलेल्या कोणालाही ठाऊक असते: दोन्ही टोकांना तो क्षणभर थांबतो आणि मधून जाताना सर्वांत जोरात जातो. जून आणि डिसेंबरच्या अयनदिनांना, म्हणजे हेलकाव्याच्या दोन टोकांना, सूर्याचे उत्तर-दक्षिण सरकणे जवळजवळ बंद पडते. आठवडाभर त्याच झाडामागून तो उगवतो असे वाटते. संपाताच्या सुमाराला मात्र तो दिवसाला सुमारे २४ कला, म्हणजे स्वतःच्या रुंदीच्या पाऊण पट, दक्षिणेकडे सरकतो. उत्तर अक्षांशांवर त्याचा मार्ग क्षितिजाला तिरपा छेदत असल्याने उगवतीच्या जागेतला फरक आणखी मोठा दिसतो. पन्नास अंशांवर रोजची उगवती आदल्या दिवशीपेक्षा सूर्याच्या एका तबकडीहून अधिक अंतराने ढळते. खिडकीतून समोरच्या इमारतीची कड धरून पाहणाऱ्याला हे दोन सकाळींत कळते. दिवसाची लांबीही याच काळात सर्वांत झपाट्याने घटते: वीस अंशांवर रोज मिनिटाहून थोडी अधिक, पन्नासवर पावणेचार मिनिटांच्या आसपास आणि साठवर साडेपाच मिनिटे. साठाव्या अंशावरच्या माणसाच्या दिवसातून एका आठवड्यात अर्ध्या तासाहून अधिक उजेड निघून जातो. त्याला विसावा म्हणायला जीभ धजणार नाही.

सूर्यास्तालाही या दिवसांत घाई असते. तबकडीची खालची कड क्षितिजाला टेकल्यापासून वरची कड नाहीशी होईपर्यंतचा वेळ वर्षभर सारखा नसतो. तो संपाताला सर्वांत कमी आणि अयनदिनांना सर्वांत जास्त असतो, कारण संपाताला सूर्य त्या जागेवरून शक्य तितक्या सरळ उतारावरून खाली जातो. शरदातल्या संध्याकाळी पटकन संपल्यासारख्या वाटतात, त्यात मनाचा वाटा असेलच. पण थोडा वाटा भूमितीचाही आहे.

इथे एक हिशेब सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. मार्चच्या संपातापासून सप्टेंबरच्या संपातापर्यंत सुमारे १८६ दिवस जातात आणि सप्टेंबरपासून मार्चपर्यंत १७९. वर्षाचे दोन अर्धे सारखे नाहीत. पृथ्वी जानेवारीच्या सुरुवातीला सूर्याच्या सर्वांत जवळ असते आणि जवळ असताना ती कक्षेतून अधिक वेगाने धावते; केप्लरने हा नियम सतराव्या शतकात मांडला. त्यामुळे उत्तर गोलार्धाचा हिवाळी अर्धा भाग आठवडाभराने आखूड होतो. म्हणजे शरद संपातापाशी दोन वेग एकत्र येतात: सूर्याच्या हेलकाव्याचा वेग त्याच्या कमाल मर्यादेला पोहोचलेला असतो आणि पृथ्वीचा कक्षेतला वेग वाढत असतो.

खुद्द संपातबिंदूही स्थिर नाही. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकात ग्रीक खगोलज्ञ हिप्पार्कसने चित्रा तारा शरद संपातबिंदूपासून सहा अंशांवर असल्याचे मोजले. त्याच्या सुमारे दीडशे वर्षे आधी टिमोकॅरिसने तेच अंतर आठ अंश मोजले होते. एवढ्याशा फरकावर न थांबता, चूक म्हणून तो झटकून न टाकता, संपातबिंदूच ताऱ्यांमधून सरकत असला पाहिजे असे हिप्पार्कसने ठरवले. आज आपण जाणतो की तो वर्षाला सुमारे ५० विकला (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग) सरकतो आणि एक अंश जायला त्याला सुमारे ७२ वर्षे लागतात, म्हणजे जवळपास एक माणूसभर आयुष्य. चित्रापक्षाचे, म्हणजे चित्रा ताऱ्याच्या आधाराने राशी मोजणारे, पंचांग वापरणाऱ्यांचा हिशेब ज्या काळापासून सुरू होतो, त्या इसवी सन २८५ च्या सुमारास शरद संपात चित्रा ताऱ्याजवळच होत असे. आता तो तिच्यापासून २४ अंश पश्चिमेला, उत्तरा फाल्गुनीच्या भागात होतो. पंचांगांच्या पक्षांपैकी कोणता बरोबर हा वाद इथे उकरत नाही. तो उकरला की लेख त्यातच संपतो.

दिनदर्शिका बनवणाऱ्यांना हे सगळे सरकणे नेहमीच छळत आले आहे. १५८२ साली पोप ग्रेगरीच्या सुधारणेत ४ ऑक्टोबरनंतर एकदम १५ ऑक्टोबर आणला गेला, तो भरकटलेल्या वसंत संपाताला २१ मार्चच्या जवळ परत आणण्यासाठी. शरद संपाताला वर्षारंभाचा मान देण्याचा धाडसी प्रयत्न फ्रेंच राज्यक्रांतीने केला. राजेशाही रद्द झाल्यावर २२ सप्टेंबर १७९२ हा प्रजासत्ताकाचा पहिला दिवस ठरला आणि योगायोगाने तोच संपाताचा दिवस होता. नवी दिनदर्शिका तयार करणाऱ्या समितीतल्या गिल्बेर रोमला तर हा योगायोग वाटलाच नाही: माणसांची समता जाहीर झाली त्याच दिवशी आकाशात दिवस आणि रात्र समान झाली, असे त्याने मांडले. कल्पना भव्य होती आणि आकाशाने नेहमीप्रमाणे तिच्याकडे दुर्लक्ष केले. १ जानेवारी १८०६ पासून ती दिनदर्शिका बंद झाली. मला त्यातली अडचण राजकीय वाटत नाही. समतेची खूण म्हणून त्यांनी नेमका असा दिवस निवडला होता की ज्याच्या दुसऱ्या दिवशी समता उरत नाही.

संपात म्हणजे शरदाचा आरंभ की मध्य, हाही जुना मतभेद आहे. चार ऋतूंच्या पद्धतीत खगोलशास्त्रीय शरद या क्षणी सुरू होतो. हवामानशास्त्राच्या नोंदींत तो १ सप्टेंबरलाच सुरू झालेला असतो. आणि सहा ऋतूंच्या सायन गणनेत, म्हणजे संपातबिंदूपासून राशी मोजणाऱ्या गणनेत, सूर्य कन्या व तूळ राशींत असताना शरद मानला असल्याने संपात त्याच्या ऐन मध्यावर येतो. मला ही शेवटची पद्धत अधिक पटते. हेलकाव्याचा सर्वांत वेगवान भाग मध्यभागी धरावा आणि त्याच्या दोन्ही बाजूंचा महिना-महिना एका ऋतूचा मानावा, यात निरीक्षणाचा सच्चेपणा आहे. शरद हा एक दिवस उंबरा ओलांडून येणारा ऋतूच नव्हे. तो कधीचा चालत असतो आणि आपले लक्ष जाते तेव्हा अर्धा झालेला असतो.

झाडांचे लक्ष आपल्या आधी जाते. १९२० साली गार्नर आणि अॅलार्ड या अमेरिकी संशोधकांनी तंबाखूच्या एका जातीवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. मेरीलँड मॅमथ नावाची ही जात उन्हाळाभर नुसतीच उंच वाढत असे आणि काही केल्या फुलत नसे. त्यांनी तिचा दिवस कृत्रिमरीत्या आखूड केला तेव्हा ती फुलली. तापमान, खत, पाणी यांपैकी कशाचीही ती वाट पाहत नव्हती. ती उजेडाचे तास मोजत होती. पुढे १९३८ साली हॅमनर आणि बॉनर यांनी दाखवले की अशा वनस्पती मोजतात ती खरे तर रात्र असते: लांब रात्रीच्या मध्यावर थोडा वेळ उजेड दाखवला तर झाडाच्या लेखी ती रात्र मोडते आणि फुलोरा येत नाही. रस्त्यावरच्या दिव्याच्या अगदी जवळची फांदी शेजारच्या फांद्यांहून उशिरा पाने गाळते, ती बऱ्याचदा याच कारणाने. दिव्याच्या उजेडाने तिची रात्र मोडलेली असते.

रात्र मोजणाऱ्या जिवाला संपाताचा काळ सोयीचा का, हे वेगाच्या बाजूने पाहिले की उलगडते. जूनच्या अखेरीस एका आठवड्याचा दिवस पुढच्या आठवड्याच्या दिवसासारखाच असतो. त्यावरून तारीख ओळखणे कठीण. सप्टेंबरच्या अखेरीस प्रत्येक रात्र आदल्या रात्रीहून ठळकपणे मोठी असते, म्हणून उजेडावरून तारीख वाचायची तर वर्षातली सर्वांत सुवाच्य पाने हीच. मात्र यात एक अडचण उरते. बारा तासांचा दिवस मार्चमध्येही येतो. नुसत्या समान दिवसरात्रीवरून वसंत की शरद हे कोणालाही सांगता येणार नाही. मागे काय होऊन गेले याची आठवण लागते. समशीतोष्ण प्रदेशातल्या पुष्कळ झाडांच्या कळ्यांना थंडीचे पुरेसे दिवस भोगल्याशिवाय वसंताचा दिवस वसंताचा वाटत नाही. बऱ्याच पक्ष्यांच्या शरीरात लांब दिवसांचा काळ सोसून झाल्यावर असा बदल होतो की मार्चमध्ये ज्या उजेडाने प्रजननाची तयारी सुरू झाली होती, तोच उजेड सप्टेंबरमध्ये काहीच सुरू करत नाही. पृथ्वीही आठवण ठेवते: सूर्य दोन्ही संपातांना सारखाच तापतो, पण उन्हाळाभर समुद्राने साठवलेली उष्णता सप्टेंबरमध्ये शिल्लक असते, म्हणून उत्तर ध्रुवीय समुद्रावरचे बर्फ वर्षातले सर्वांत कमी होते ते सप्टेंबरच्या मध्यास, आणि सर्वांत जास्त होते ते मार्चमध्ये.

पानगळीकडे आपण उगाच शोकाच्या नजरेने पाहतो. पान गळते ते झाडाने गाळलेले असते. शरदाची चाहूल लागली की झाड पानातले हरितद्रव्य मोडू लागते आणि त्यात गुंतलेल्या नत्राचा मोठा भाग फांदीत आणि खोडात परत ओढून घेते. हरितद्रव्य गेले की पिवळा रंग दिसतो; तो उन्हाळाभर तिथेच होता, फक्त झाकलेला होता. लाल रंगाचे तसे नाही. तो बहुतेक झाडांत या शेवटच्या दिवसांत नव्याने, साखर खर्च करून तयार केला जातो. निघायच्या आधी घराला रंग कोण देते, असा प्रश्न मला कित्येक वर्षे पडत असे. त्याचे एक स्पष्टीकरण असे की नत्र बाहेर काढण्याचे नाजूक काम चालू असताना तीव्र उन्हापासून पानाचे रक्षण हा रंग करतो.

याच वेळी देठाच्या बुडाशी पेशींचा एक पातळ थर सैल होत जातो आणि त्याच्या आतल्या बाजूला बुचासारखा संरक्षक थर तयार होतो. जखम व्हायच्या आधीच खपली धरलेली असते. पान गळाल्यावर फांदी हातात घेऊन भिंगाखाली पाहावे. देठाच्या जागी एक गुळगुळीत व्रण दिसतो, कुठे अर्धचंद्राकार, कुठे हृदयाच्या आकाराचा, आणि त्यात ओळीने काही ठिपके असतात. पाणी आणि अन्नरस वाहणाऱ्या नळ्या तिथे तुटलेल्या असतात. झाडाची जात नुसत्या या व्रणावरून ओळखणारे जाणकार असतात. व्रणाच्या लगेच वर एक घट्ट मिटलेली कळी असते. ती आत्ता आलेली नसते. पान हिरवेगार असतानाच त्याच्या बगलेत तिची तयारी सुरू झालेली असते. म्हणजे पुढच्या वर्षाचा आरंभ आधी होतो आणि पान त्यानंतर गळते. काही झाडे, विशेषतः कोवळे ओक आणि बीच, वाळलेली पाने हिवाळाभर तशीच धरून ठेवतात. विषुववृत्ताजवळच्या प्रदेशांत तर पाने गाळायची की ठेवायची हे उजेडापेक्षा पाणी अधिक ठरवते. सगळी पृथ्वी एकाच रंगाने शरद साजरा करत नाही आणि ते बरेच आहे.

पक्ष्यांची घाई अधिक उघड असते. पिंजऱ्यातले स्थलांतरी पक्षी या दिवसांत रात्री अस्वस्थ होऊन ठरावीक दिशेला उड्या मारू लागतात. १९६६ साली स्टीफन एम्लेन आणि त्याचे वडील जॉन यांनी ही अस्वस्थता नोंदवण्यासाठी एक साधे साधन बनवले: कागदाचे नरसाळे, त्याच्या तळाशी शाईची गादी आणि वर जाळी. पक्षी उडी मारतो, घसरून परत येतो आणि प्रत्येक वेळी त्याच्या शाईने माखलेल्या पायांचे ठसे नरसाळ्याच्या भिंतीवर उमटतात. स्टीफन एम्लेनने हे नरसाळे तारांगणात ठेवले. घुमटावर खोटे आकाश फिरवले तेव्हा इंडिगो बंटिंग नावाच्या पक्ष्यांचे ठसे त्या आकाशाच्या दक्षिणेकडे पडले, आणि ताऱ्यांची जागा उलटी केली तेव्हा ठसेही उलटले. कोणत्याही भाषेतल्या हस्ताक्षरापेक्षा मला त्या कागदावरची शाई अधिक वाचनीय वाटते. काही पक्ष्यांची झेप तर विश्वास बसू नये अशी असते: २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये उपग्रहाचा ट्रान्समीटर बसवलेला अवघा पाच महिन्यांचा एक बार-टेल्ड गॉडविट अलास्काहून निघाला आणि कुठेही न उतरता अकरा दिवसांत १३,५६० किलोमीटर उडून टास्मानियाला पोहोचला. त्याने ती वाट आधी कधी पाहिली नव्हती.

तो उतरला तिथे वसंत होता. शरदाचे स्वागत करताना हे अर्धे जग विसरले जाते. ज्या क्षणी आपला दिवस रात्रीकडे झुकतो, त्याच क्षणी दक्षिण गोलार्धात रात्र दिवसाला वाट देऊ लागते, आणि दोन्ही ध्रुवांवर तर दिवसरात्रीचा सगळा व्यवहार या एका ओलांडण्यावर येऊन ठेपतो. उत्तर ध्रुवावर सहा महिने न मावळलेला सूर्य सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मावळतो, आणि त्यानंतरही कित्येक आठवडे संधिप्रकाश रेंगाळतो. दक्षिण ध्रुवावर अमुंडसेन-स्कॉट तळावरच्या माणसांना त्याच सुमारास सहा महिन्यांनी पहिला सूर्य दिसतो. हवेच्या वक्रीभवनामुळे तो संपाताच्या थोडा आधीच दिसू लागतो.

आपल्याकडे सूर्य उगवतो तो पृथ्वीच्या रोजच्या फिरण्यामुळे, आणि संपाताचा वेग त्या मोठ्या हालचालीखाली दडून जातो. काठी, खडू आणि धीर असेल तरच तो हाती लागतो. ध्रुवावर रोजचे फिरणे सूर्याला वर चढवत नाही किंवा खाली उतरवत नाही, नुसते क्षितिजाला समांतर फिरवते. तिथे त्याला वर आणणारी हालचाल एकच उरते, दिवसाला २४ कलांची. तबकडी ३२ कलांची असल्याने हा सूर्योदय सुमारे बत्तीस तास चालतो. तेवढ्या वेळात तो क्षितिजाला एक पूर्ण फेरी घालतो, दुसरी सुरू करतो आणि मग त्याची खालची कड बर्फावरून सुटते.